लॅब्रॅडॉरचं पिल्लू वाढवून भाच्यासाठी वाटाड्या कुत्रा करता येईल का?

औसारोडचे_मास्तर

नमस्कार मंडळी. मी लातूरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दोन वर्षांखाली रिटायर झालो. आजवर इथं नुसतं वाचत आलो, पहिल्यांदाच लिहायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा १९ वर्षांचा आहे. लहानपणी दिवेलागणीनंतर फार धडपडायचा. आम्ही वरून त्यालाच रागवायचो, नीट बघून चाल म्हणून. दहावीत असताना हैदराबादला दाखवलं तेव्हा निदान झालं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. आता त्याला नळीतून बघावं तसं मधलं तेवढंच दिसतं, अन् तेही दर वर्षी कमी व्हायलंय. बीएला आहे. घरापासून कॉलेज सव्वा किलोमीटर. तेवढ्या वाटेत दोनदा उघड्या नालीत गेला, अन् एकदा उभ्या ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसावर तोंड आपटलं. चार टाके पडले. काठी घे म्हटलं की घुम्यासारखा बसतो.

तर मुरूडच्या माझ्या एका मित्राच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला सात पिल्लं झाली आहेत. आज ४० दिवसांची आहेत. एक तुम्हाला तसंच देतो म्हणाला. परदेशात असे कुत्रे अंध माणसाला दुकानात, बसमध्ये घेऊन जातात हे मी मोबाईलवर बघितलं, अन् त्यांची पिल्लं आधी वर्षभर साध्या घरांत वाढवतात असं त्यात सांगितलं होतं. माझ्याकडं वेळच वेळ आहे. चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलाय, एक पिल्लू काय जड आहे?

पहिल्या वर्षात त्याला काय काय शिकवायचं, पुढं ट्रेनिंगला कुठं पाठवायचं, अन् आमच्या उन्हाळ्यात हे केसाळ जनावर टिकतं का, हे कुणी सांगितलं तर उपकार होतील. पिल्लू माझ्याकडं ठेवू का पहिल्यापासून भाच्याकडंच, हेही सांगा. बहीण म्हणते घरात देव्हारा आहे, कुत्रं नको. तिला मी बघून घेतो.

परभणीचा_ढोरडॉक्टर

मास्तर, ४० दिवसांचं पिल्लू उचलू नका. आठ आठवडे भरू द्या. भावंडांत लोळताना चावा किती जोराचा घ्यायचा हे त्याला कळतं, तो धडा तुम्ही कितीही चांगले मास्तर असलात तरी तुम्हाला देता येणार नाही.

पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू करून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असं चार महिन्यांचं होईपर्यंत चालतं. रेबीजची तीन महिन्यांनंतर. ‘एक सुई मारली की झालं’ असं समजून लोक पिल्लू गल्लीत सोडतात आणि मग रक्ताची हगवण घेऊन माझ्या दारात येतात.

आता एक गोष्ट सांगतो, ऐकायला विचित्र वाटेल. तुमच्या भाच्याच्या आजाराचा भाऊबंद लॅब्रॅडॉरमध्येही आहे, त्याला पीआरए म्हणतात. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग दिवसाचं. त्यातल्या एका प्रकाराचं जनुक २००६ मध्ये सापडलं आणि तोच बिघाड रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्या माणसातही निघाला. लॅब्रॅडॉरमध्ये हे बहुतेक चार-पाच वर्षांनंतर दिसायला लागतं. म्हणजे वाट दाखवायला आणलेलं कुत्रंच ऐन कामाच्या वयात भिंतीला धडकायचं. परदेशातल्या संस्था आईबापांचे डोळे आणि खुबे तपासल्याशिवाय वेत घेत नाहीत ते यासाठी. तुमच्या मित्रानं बाप कुठला आणला होता ते विचारा, बघा काय उत्तर येतं.

उन्हाळ्याचं म्हणाल तर टिकतं, पण तुमच्या वेळापत्रकावर नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत फिरवून आणा. डांबरावर हाताची उलटी बाजू टेकवून सात आकडे मोजा. हात उचलावा लागला तर त्याचे तळवेही भाजणार. गोचीड रोज बघा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात. गोचीडतापानं मेलेली चांगली धट्टीकट्टी लॅब्रॅडॉर बघितलीत मी. तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, पिल्लू घेतलंत तर पहिल्या आठवड्यात तिथं दाखवून या.

तरोडानाका

मास्तर, नमस्कार. मी नांदेडची. ह्यांच्या नोकरीमुळं आम्ही तीन वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो. तिथं एका संस्थेसाठी असं एक पिल्लू घरी वाढवलं, म्हणून लिहिते. लांबेल, चहा घेऊन बसा.

त्याचं नाव डिग्बी. एका वेतातल्या सगळ्यांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात, ह्या वेताला ड आला होता. आठ आठवड्यांचा, पिवळा, पोट मोठं आणि पाय मागचेपुढचे एकमेकांशी न बोलणारे. खाणं, डॉक्टर, औषध सगळं संस्थेचं. आपला फक्त जीव आणि वेळ. दर थोड्या दिवसांनी त्यांची एक बाई घरी येऊन बघून जायची. मी तिला सासरच्या माणसांपेक्षा जास्त घाबरायचे.

मला वाटलं होतं बैस, ऊठ, आण, टाक असलं शिकवायचं असेल. पहिल्याच दिवशी त्या बाईनं सांगितलं, तुम्ही त्याला जग दाखवा, हार्नेस, म्हणजे अंध माणसानं धरायची मूठ असलेला अंगावरचा पट्टा, तो घालून माणूस न्यायचं शिक्षण पुढं आमचे लोक देतील. लसी पूर्ण झाल्या नव्हत्या म्हणून मी त्याला शालीत गुंडाळून कडेवर घेऊन हिंडले. बसस्टॉपवर बसायचं, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहायचं. लॉरीचा ब्रेक, छत्री उघडताना होणारा फटकन आवाज, व्हीलचेअर, रडणारं मूल. तीन महिन्यांच्या आतबाहेर पिल्लू जे शांतपणे बघतं त्याला ते मोठेपणी बुजत नाही. मास्तर, तुमच्याकडं तर गंजगोलाई आहे. सोळा रस्त्यांचा गोंगाट एका जागी, इंग्लंडमध्ये पैसे देऊन मिळायचा नाही. पण कडेवर घेऊन, लांबून, आणि पाच मिनिटंच.

जेवणाचं सांगते, कारण त्यात सगळं आलं. मोजून दिलेलं खाणं वाटीत घालायचं, वाटी खाली ठेवायची, त्यानं बसून वाट बघायची. मग शिट्टीचे तीन छोटे फुंकर, आणि मगच तोंड लावायचं. दिवसातून तीनदा, महिनोन् महिने. त्यामुळं पुढं मोकळ्या मैदानात शिट्टी वाजली की असेल तिथून पळत येतो. तसंच शी-शूचं. तो करत असताना हळू आवाजात ‘बिझी बिझी’ म्हणायचं, म्हणजे काही आठवड्यांनी तुम्ही म्हणाल तेव्हा, म्हणाल तिथं करतो. अंध माणसाला रस्त्यात मध्येच थांबून हुडकत बसावं लागू नये म्हणून. रात्री दोन वाजता, पावसात, नाइटीवर रेनकोट घालून मी अंगणात ‘बिझी बिझी’ म्हणत उभी असायचे. शेजारच्या गुजराती काकूंनी एकदा खिडकी उघडून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नालीवर लोखंडी जाळी होती. डिग्बी तिच्यापाशी आला की चारही पाय रोवायचा. मी ओढलं. त्या बाईनं पट्टा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, ओढलंत तर जाळी वाईट आहे ही त्याची खात्रीच पटेल. दुसऱ्या दिवसापासून मी जाळीशेजारी खाली बसायचे, खाण्याचा एक दाणा काठावर ठेवायचे. तो मान लांब करून दाणा घ्यायचा, मागचे पाय मात्र पार मागं. मग दाणा एक गज आत. मग एक पंजा. पंज्याखाली गज हलला की परत माघार. अकराव्या दिवशी तो माझ्या आधी जाळी ओलांडून पलीकडं गेला आणि मागं वळून बघायला लागला, चला की, का बसलाव?

बाकीचं थोडक्यात. डाव्या बाजूनं चालवायचं, पट्ट्याला किंचित ताण ठेवून अर्धं पाऊल पुढं, कारण पुढं त्याला नेतृत्व करायचंय, पायात घोटाळायचं नाही. फुटपाथची कडा आली की थांबायचं, दर वेळी. चेंडू फेकून खेळायचं नाही, नाहीतर कामाच्या वेळी चेंडू दिसला की माणसासकट पळेल. सोफ्यावर चढायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं लाड केले तर आपणच हात जोडून नको म्हणायचं, हे मला सगळ्यात जड गेलं.

आणि ताटातलं काही द्यायचं नाही. इथंच आमचं चुकलं. सासूबाई नांदेडहून तीन महिन्यांसाठी आल्या. माझ्यासमोर कधी दिलं नाही त्यांनी. पण महिनाभरात डिग्बी जेवायच्या वेळी टेबलाखाली बरोबर त्यांच्याच पायांशी बसायला लागला. वाकून बघितलं तर त्यांच्या पदराखाली तूप लावलेल्या पोळीची गुंडाळी. ‘लेकरू तोंडाकडं बघत होतं’ म्हणाल्या.

चौदा महिन्यांचा झाल्यावर तो ट्रेनिंगला गेला. त्या दिवसाचं काही लिहीत नाही. चार महिन्यांनी फोन आला की चालणं उत्तम, रहदारीला घाबरत नाही, पण रस्त्यावर पडलेला चिप्सचा तुकडा दिसला की हार्नेससकट तिकडं वळतो, त्यामुळं अंध माणसाच्या हाती देता येत नाही. एका शाळकरी मुलाच्या घरी त्याला पाळीव म्हणून दिला. असे कितीतरी गळतात, इतकं सगळं नीट करूनही. सासूबाई अजून म्हणतात, नापास कसला, त्याला पेपरच अवघड काढला. पुढं मी वाचलं की केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅब्रॅडॉरच्या भुकेचं एक जनुक सापडलं. ते बिघडलं की पोट भरल्याचं कळतच नाही. साध्या लॅब्रॅडॉरपैकी साधारण पावभागांत ते असतं, आणि या कामासाठी वाढवलेल्या ज्या कुत्र्यांची तपासणी केली त्यांच्यात पाऊणभागांत निघालं. खाण्याच्या आशेनं लवकर शिकतात म्हणून वर्षानुवर्षं तेच निवडले गेले असावेत असा त्यांचा कयास. हे सासूबाईंना वाचून दाखवलं तेव्हापासून पोळीचा विषय घरात बंद आहे.

आता तुमच्या बेताबद्दल. पिल्लू पहिल्यापासून भाच्यासाठी म्हणून वाढवायचं, हे तिथं कुणी करत नाही. पिल्लू वाढवणाऱ्याला माहीतच नसतं पुढं ते कुणाकडं जाणार. तयार झालेला कुत्रा आणि माणूस यांची जोडी शेवटी लावतात. माणूस किती झपाझप चालतो, उंची किती, गर्दीत काम करतो का खेड्यात, घरात लहान मुलं आहेत का, सगळं बघून. मग दोघांना एकत्र काही आठवडे शिकवतात. १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्गला युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी पहिली शाळा निघाली, ब्रिटनमध्ये १९३१ ला पहिल्या चार जोड्या तयार झाल्या. पण तिथं पिल्लं घराघरांत वाढवायची पद्धत १९५६ ला आली. अमेरिकेत त्याआधी, १९४२ पासून, न्यू जर्सीतली शेतकऱ्यांची शाळकरी पोरं हे काम करत होती. म्हणजे तुमचं घर चालेल मास्तर, तुमचा वेळ तर नक्कीच चालेल. पण घराच्या मागं शिकवणारे, तपासणारे आणि ‘हा नको’ असं ठामपणे सांगणारे लोक लागतात. ते नसताना अर्धवट शिकलेला कुत्रा भाच्याच्या हातात देऊन औसा रोडवर सोडणं मला धोक्याचं वाटतं.

जानवळचा

ताई लई भारी लिहिलं. पण लॅब्रॅडॉरच कामून? आमच्या चाकूर तालुक्यात कारवानी, पश्मी अशी कुत्री आहेत, उन्हाला चिवट, खाणं निम्मं. आपल्या मातीतलं जनावर असताना बाहेरचं कशाला?

तरोडानाका

भाऊ, कारवानीला नाव ठेवायची माझी हिंमत नाही. पण तुम्हीच सांगा, बांधावरून ससा उठला तर तुमचा कुत्रा पट्टा धरणाऱ्याची वाट बघतो का?

जानवळचा

नाही बघत. पट्टा धरणारा पण मागं फरफटत जातो. पटलं.

पांढरी_काठी

मी पूर्ण अंध आहे, छत्रपती संभाजीनगरला बँकेत नोकरी करतो. फोन वाचून दाखवतो, त्यामुळं वरचं सगळं ऐकलं. ताईंची पोळी ऐकताना बसमध्ये एकटाच हसलो.

मास्तर, रागावू नका, पण तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये भाच्याला कुत्रा हवाय का हे कुठंच आलं नाही. तुम्ही मित्राशी बोललात, बहिणीला बघून घेणार आहात, पिल्लाचं वय तुम्हाला दिवसांत माहीत आहे. त्याला विचारलंत का?

लोकांना वाटतं कुत्र्याला सांगितलं ‘कॉलेज’ की तो नेऊन सोडतो. तसं नसतं. वाट माणसालाच माहीत पाहिजे. डावीकडं, उजवीकडं, सरळ हे माणूस सांगतो, कुत्रा मधला खड्डा, खांब, हातगाडी चुकवतो. सिग्नलही तो बघत नाही, लाल-हिरवं त्याला आपल्यासारखं वेगळं दिसत नाही. ओलांडायचं कधी ते गाड्यांच्या आवाजावरून माणूस ठरवतो. मात्र पुढून गाडी येत असताना तुम्ही ‘चल’ म्हणालात तर चांगला कुत्रा तुमचा हुकूम मोडून जागेवर थांबतो. ही अवज्ञा शिकवणं सगळ्यात कठीण, आणि ती वर्षभर लाडात वाढवून येत नाही. म्हणजे ज्याला काठीनं वाट काढता येत नाही त्याला कुत्र्यानंही येत नाही. काठी आधी, कुत्रा नंतर, जगभर हाच क्रम आहे.

आणि आपले रस्ते. मी रात्री साडेआठला घरी येतो तेव्हा कचराकुंडीपाशी सात-आठ मोकाट कुत्री असतात. मी एकटा असलो तर भुंकून गप्प बसतात, आता सवय झालीय त्यांना माझी. माझ्यासोबत पट्ट्यातला एक अनोळखी कुत्रा असता तर? तो बिचारा मला सांभाळेल का स्वतःला? आख्ख्या मराठवाड्यात हार्नेस घातलेला कुत्रा मी पाहिलेला नाही. मी तर पाहणारच नाही म्हणा, पण माझ्या डोळस मित्रांनीही नाही.

मलाही काठीची लाज वाटायची. मी कॉलेजात असताना घडी करून पिशवीत ठेवायचो आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवून ‘गप्पा मारत’ चालायचो. सोडवलं ते माझ्यासारख्याच एका अंध शिक्षकानं. घरच्यांनी शंभरदा सांगून झालं नव्हतं ते त्यांच्यासोबत एकदा रेल्वे स्टेशनपर्यंत चालून झालं. भाच्याला थोडं दिसत असतानाच चालण्याचं रीतसर शिक्षण द्या, डोळ्यांवर पट्टी बांधूनही सराव करून घेतात. डेहराडूनच्या राष्ट्रीय दृष्टिदिव्यांग संस्थेत हा विषय शिकवणारे शिक्षक तयार होतात, तसा माणूस गाठा. आणि उसाची ट्रॉली म्हणालात ना, साधी काठी जमिनीवरचं सांगते, तोंडासमोरचं नाही. दिल्लीच्या आयआयटीनं केलेली स्मार्टकेन २०१४ मध्ये आली, तिचं यंत्र काठीच्या मुठीवर बसतं आणि गुडघ्याच्या वरचा अडथळा पुढं असला की मूठ थरथरते. ऊस त्यात सापडतो. मी वापरतो. पावसात जपावी लागते, बाकी तक्रार नाही.

औसारोडचे_मास्तर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहिलं नाही कारण काठीवाल्या भाऊंचं वाचून जरा लागलं. खरंय, विचारलं नव्हतं.

काल संध्याकाळी गेलो. बहीण स्वयंपाकघरात होती, तो माळवदावर बसला होता. सगळा धागा त्याला वाचून दाखवला, कारण आता त्याला मोबाईलवरचं बारीक वाचता येत नाही. शाळकरी पोरासारखा ऐकत होता. पोळीला हसला. ‘घडी करून पिशवीत’ ला थांब म्हणाला, परत वाच म्हणाला. मी परत वाचलं. मग बराच वेळ काही बोलला नाही. खाली उतरताना म्हणाला, मामा, त्या बँकेतल्या सरांशी बोलता येईल का. भाऊ, तुम्हाला निरोप पाठवलाय, बघा.

कुत्र्याचं विचारलं तर म्हणाला, आणा की, मला आवडतंय. पण माझ्या नावावर आणू नका.

तर पिल्लू आमच्याकडं येणार, घरचं कुत्रं म्हणून. डॉक्टरसाहेब, आठ आठवडे भरल्यावरच. बापाचं विचारलं मित्राला, तो म्हणाला, ‘होता एक काळा, एमआयडीसीतला.’ तुम्ही म्हणालाव तसंच उत्तर आलं. घरचंच असलं तरी उदगीरला नेऊन डोळे अन् खुबे दाखवून आणतो.

ताई, बाकी तुमच्याच पद्धतीनं वाढवायचं म्हणतो, सोफा आमच्याकडं नाहीच. आमच्या सौभाग्यवतींना पोळीचं आत्ताच सांगून ठेवलंय, त्या ‘बघू’ म्हणाल्या. एकच विचारायचंय, ती तीन फुंकरांची शिट्टी वेगळी असते का? माझ्याकडं शाळेतली आहे, पीटीच्या तासाची, चांगली खणखणीत आहे.

तरोडानाका

तीच घ्या मास्तर. फक्त हळू फुंका, समोर चाळीस पोरं नाहीत.